करवला आणि नवरदेव

परवा आमच्या महिला मंडळाच्या समुपदेशनाला दोघी जावा आल्या होत्या. सासरे होते तोवर एका चुलीवर रांधणाऱ्या. सासरे गेले, वाटणी झाली आणि आता एकमेकींचं तोंड बघत नाहीत. थोरली म्हणाली, ‘‘ताई, परक्याशी झालेलं भांडण मिटतं हो, आपल्या माणसाशी झालेलं नाही मिटत.’’ मला एकदम कॉलेजात शिकलेलं आयर्लंड आठवलं.

१९१९ ते १९२१ अशी अडीच वर्षं हा चिमुकला देश खांद्याला खांदा लावून इंग्रजांशी लढला. डिसेंबर १९२१ मध्ये तह झाला. स्वतःचं सरकार मिळालं, पण इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ गळ्यात पडली. मायकेल कॉलिन्स म्हणत, आज हे पदरात घेऊ, उरलेलं पुढे मिळवू. डी व्हॅलेरांना हा तहच मान्य नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये त्यांच्या संसदेत ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह मंजूर झाला. सभागृहातल्या सहाच्या सहा बायका विरोधात गेल्या. त्यांतल्या चौघींनी या लढ्यात नवरा, भाऊ किंवा मुलगा गमावला होता. त्यांना ‘एवढ्यावर समाधान माना’ कोण सांगणार?

जूनमध्ये डब्लिनमध्ये तोफा धडाडल्या. दोन्ही बाजूंना आपलीच पोरं! ऑगस्टमध्ये कॉलिन्स त्यांच्याच कॉर्क परगण्यात मारले गेले.

एक गोष्ट तर काळजाला चरा पाडते. केविन ओहिगिन्स यांच्या लग्नात, ऑक्टोबर १९२१ मध्ये, रोरी ओकॉनर ‘बेस्ट मॅन’ होते. आपल्याकडचा करवलाच म्हणा ना! डिसेंबर १९२२ मध्ये सरकारने ओकॉनरना गोळ्या घातल्या. त्या निर्णयाला होकार देणाऱ्या मंत्र्यांत ओहिगिन्सही होते. १९२७ मध्ये त्यांचाही खून झाला.

मे १९२३ मध्ये बंदुका थंडावल्या, मनं नाही. या भांडणातून निघालेले दोन मोठे पक्ष सरकारात मांडीला मांडी लावून बसले ते थेट २०२० मध्ये!

पण एक बाप वेगळा निघाला. अर्स्किन चाइल्डर्स यांना नोव्हेंबर १९२२ मध्ये सरकारने गोळ्या घातल्या. त्याआधी भेटायला आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाकडून त्यांनी वचन घेतलं, की माझ्या मृत्युदंडाला जबाबदार असलेल्या प्रत्येकाशी तू हात मिळव. तोच मुलगा १९७३ मध्ये आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

मैत्रिणींनो, हा इतिहास मी त्या जावांना सांगितला नाही. फक्त विचारलं, ‘‘मुलांना एकमेकांबद्दल काय सांगून ठेवलंय?’’ थोरलीने पदर डोळ्यांना लावला. धाकटी खाली बघत राहिली.

वाटणी शेताची होते, भांड्यांची होते. वैर तेवढं मुलांच्या नावावर करू नये. पुढच्या बुधवारी दोघींना मुलांसकट बोलावलंय. बघू, येतात का.