रुपयाच्या चिन्हाचा पत्ता

धाराशिव जिल्ह्यात सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळा हे गाव आहे. येडेश्वरी देवीचे हे ठिकाण. चैत्र पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. समजा, या यात्रेत नारळ-पेढ्याचे दुकान लावणाऱ्या एका गृहस्थांच्या मुलीने मोबाइलवर भावफलक तयार केला. 'नारळ ₹ ३०, पेढे पाव किलो ₹ १००' असा मजकूर लिहून तिने तो छपाईसाठी एका दुकानात पाठवला. दुकानदाराने मजकुराला आपल्याजवळचा जुना, नक्षीदार फॉन्ट लावला आणि फलक छापला. पाहते तो काय, रुपयाच्या चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन! 'नारळ □ ३०'.

मुलगी म्हणाली, "मी तर बरोबर लिहिले होते." दुकानदार म्हणाला, "मी एक अक्षरही बदलले नाही." गंमत अशी, की दोघांचेही म्हणणे खरे आहे. मग चिन्ह गेले कुठे?

हे कोडे सोडवण्याआधी, रुपयाला वेगळे चिन्ह लागलेच कशाला, ते पाहू या.

हाली आणि कलदार

येरमाळा ज्या कळंब तालुक्यात आहे, तो भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचा रुपया स्वतंत्र होता. त्याला 'हाली' म्हणत. शेजारचा बार्शी तालुका ब्रिटिश अंमलाखालील सोलापूर जिल्ह्यात होता. तेथे ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया चाले. त्याला लोक 'कलदार' म्हणत, कारण तो कळीवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला असे. दोघांचेही नाव रुपयाच, पण किंमत सारखी नव्हती. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर ७ हाली रुपये म्हणजे ६ भारतीय रुपये असा हिशेब ठरला आणि १९५९ पर्यंत हाली रुपया व्यवहारात राहिला.

आता एखाद्या कागदावर नुसते '७०० रुपये' लिहिलेले असेल तर काय होईल? ते ७०० हाली असतील, तर त्यांचे भारतीय रुपये फक्त ६०० होतात. एका शब्दाच्या अभावी १०० रुपयांचा फरक! म्हणून सरहद्दीवरच्या माणसाला रुपया हाली की कलदार, हे सांगावेच लागे.

जगाच्या बाजारात भारताच्या रुपयाची अवस्था बरीचशी अशीच होती. पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस या देशांच्या चलनाचे नावही रुपयाच आहे. इंग्रजीत सगळेच 'आर' आणि 'एस' ही दोन अक्षरे लिहीत. आपला रुपया वेगळा ओळखू यावा म्हणून भारत सरकारने २००९ मध्ये खुली स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांहून अधिक आकृत्या आल्या. त्यांतून मुंबईच्या आय.आय.टी.त संशोधन केलेले डी. उदय कुमार यांची आकृती निवडली गेली आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. देवनागरी 'र' आणि उभा दांडा नसलेला इंग्रजी 'आर' यांचा मेळ तिच्यात आहे. वरच्या दोन आडव्या रेघांनी तिरंग्याची आठवण दिली आहे.

कागदावर पेनने लिहिणाऱ्यांचे काम त्या दिवशीच संपले. संगणकाचे मात्र तेव्हा सुरू झाले.

अक्षराचा पिनकोड

विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट नीट लक्षात घ्या. संगणक अक्षरे साठवत नाही. तो फक्त अंक साठवतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि दस्तऐवजात त्या क्रमांकांची रांग असते. १९६३ मध्ये अमेरिकेत 'आस्की' नावाची अशी एक यादी ठरली. तिच्यात अवघ्या १२८ जागा होत्या. डॉलरच्या चिन्हाला ३६ हा क्रमांक मिळाला. रुपयाला जागा नव्हती आणि आपल्या 'अ, आ, इ' लाही नव्हती.

पुढे जगातील सर्व लिप्यांसाठी एकच मोठी यादी करण्याचे काम सुरू झाले. तिचे नाव 'युनिकोड'. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. या यादीत 'र' चा क्रमांक २३५२ आहे. जगातील कोणत्याही संगणकावर तो तोच असतो.

हा क्रमांक म्हणजे अक्षराचा पिनकोडच समजा. आपल्या देशात पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ती आखली. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, यामुळे पत्रे भलतीकडे जात. क्रमांक आल्यावर तो घोटाळा कमी झाला. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, पण गावांचे पिनकोड तेच राहिले. नाव बदलले, तरी पत्र चुकले नाही.

युनिकोडचाही असाच कडक नियम आहे. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा काढून घेत नाहीत आणि दुसऱ्या चिन्हाला देत नाहीत.

सोपी, पण फसवी युक्ती

जुलै २०१० मध्ये चिन्ह जाहीर झाले तेव्हा त्याला क्रमांक मिळालेला नव्हता. लोकांना तर ते लगेच वापरायचे होते. तेव्हा मंगळूरच्या फोरेडियन या कंपनीने थोड्याच दिवसांत एक फॉन्ट तयार करून सर्वांना मोफत दिला.

फॉन्ट म्हणजे काय? तो अक्षरांच्या चित्रांचा संग्रह. त्यात एक तक्ता असतो. अमुक क्रमांक आला की तमुक चित्र काढायचे, असे तो तक्ता सांगतो. कंपनीने युक्ती अशी केली, की कळफलकावर टॅबच्या वरच्या कळीने जी छोटी तिरपी खूण उमटते, तिच्या ९६ या क्रमांकासमोर रुपयाचे चित्र ठेवले. कळ दाबा, रुपया हजर!

पण संगणकाच्या लेखी तो रुपया नव्हताच. दस्तऐवजात साठलेला क्रमांक ९६, म्हणजे तिरपी खूणच. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर कागद उघडला, की रुपयाचा मुखवटा गळून पडे आणि खालची तिरपी खूण दिसे.

मराठी माणसाला हा अनुभव नवा नव्हता. 'श्रीलिपी', 'कृतिदेव' यांसारख्या जुन्या फॉन्टांत हेच होत असे. कृतिदेवमध्ये 'क' हवा असेल तर इंग्रजी 'डी' ची कळ दाबायची. पडद्यावर 'क' दिसे, पण आत साठे तो १००, म्हणजे 'डी' च. फॉन्ट हरवला, की मराठी लेखाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची गर्दी. जुन्या पद्धतीने टंकलेली मराठी पुस्तके आजही रूपांतर करून नव्या क्रमांकांत आणावी लागतात.

तात्पर्य असे, की चित्र बदलणे सोपे असते, पण ओळख चित्राने ठरत नाही, क्रमांकाने ठरते.

खरा क्रमांक मिळाला

भारत सरकारच्या मागणीवरून ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत आपल्या चिन्हाला स्वतःची जागा मिळाली. तिचा क्रमांक ८३७७. सोळा अंकी पद्धतीत तो दोन-शून्य-बी-नऊ असा लिहितात.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की 'आर-एस' या जोडचिन्हाला युनिकोडमध्ये ८३६० हा क्रमांक आधीच होता. मग त्याच क्रमांकासमोर नवे चित्र का ठेवले नाही? तसे केले असते, तर नेपाळ किंवा श्रीलंकेच्या लोकांनी पूर्वी लिहिलेल्या कागदांवरही एका रात्रीत भारताच्या रुपयाचे चिन्ह उमटले असते. हाली रुपयाच्या कागदावर कुणीतरी 'कलदार' असा शिक्का मारावा, तसा तो प्रकार झाला असता. म्हणून नव्या चिन्हाला नवा क्रमांक.

क्रमांकानंतर आणखी दोन गोष्टी लागल्या. एक चित्र आणि दुसरी कळ. चित्र फॉन्ट तयार करणाऱ्यांनी काढायचे. त्याची जाडी त्या फॉन्टच्या आकड्यांशी जुळली पाहिजे. रुंदीही पुष्कळदा आकड्याएवढीच ठेवतात, म्हणजे हिशेबाचे रकाने सरळ राहतात. कळ म्हणून ४ या अंकाची कळ निवडली गेली. मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोज प्रणालीत २०११ मध्ये या चिन्हाची भर घातली. त्याच वर्षी चिन्ह असलेली नाणी निघाली आणि २०१२ मध्ये नोटा आल्या.

लक्षणांवरून निदान

वैद्य लक्षणे पाहून रोग ओळखतो. चिन्ह बिघडलेले दिसले, तर आपणही तसेच करू.

पहिले लक्षण, रिकामा चौकोन. क्रमांक ८३७७ शाबूत आहे, पण वापरलेल्या फॉन्टमध्ये त्याचे चित्र नाही. भावफलकाचे नेमके हेच झाले होते. २०१० पूर्वीच्या फॉन्टात ते चित्र असणार तरी कसे? येथे मजकूर पुन्हा लिहू नका. फक्त फॉन्ट बदला. छपाईला पाठवताना पीडीएफ करून पाठवले तर आणखी चांगले, कारण त्यात लागणारी चित्रे सहसा बरोबरच जातात.

दुसरे लक्षण, छोटी तिरपी खूण. क्रमांकच खोटा आहे. जुन्या युक्तीच्या फॉन्टाने लिहिलेला हा कागद. प्रत्येक खुणेच्या जागी खरे चिन्ह घालावे लागेल.

तिसरे लक्षण, एका चिन्हाऐवजी तीन विचित्र अक्षरे. याचे कारण मजेदार आहे. संगणकाच्या एका 'बाइट' मध्ये ० ते २५५ एवढीच संख्या मावते. ८३७७ तीत मावत नाही. म्हणून आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत ती तीन बाइटांत विभागतात: २२६, १३०, १८५. वाचताना संगणक पुन्हा जोडणी करतो. पहिल्यातून २२४ आणि उरलेल्या दोघांतून १२८ वजा करायचे. उरतात २, २ आणि ५७. आता २ × ४०९६ + २ × ६४ + ५७ करा. उत्तर ८३७७! पण एखादा जुना कार्यक्रम जोडणी न करता तिन्ही बाइट सुटे वाचतो आणि तीन अक्षरे दाखवतो. वाचण्याची पद्धत बदलली, की चिन्ह परत येते.

चौथे लक्षण, प्रश्नचिन्ह. हे सर्वांत वाईट. मजकूर जुन्या, मोजक्या अक्षरांच्या यादीत साठवला गेला. तीत रुपया नव्हता, म्हणून संगणकाने ८३७७ पुसून प्रश्नचिन्हाचा ६३ लिहिला. मूळ चिन्ह आता दस्तऐवजात नाही. साठवताना संगणक बहुधा सूचना देतो. ती न वाचता पुढे जाऊ नका.

बेरीज का चुकली?

आणखी एक धोका आहे आणि तो दिसतही नाही. समजा, सहलीच्या वर्गणीचा तक्ता तुम्ही संगणकावर केला. रकमा ५००, २००, ३००, १००० आणि ५००. बेरीज २५०० यायला हवी. पण १००० च्या आधी कुणीतरी हाताने ₹ चिन्ह टंकले आणि संगणक भारतीय पद्धतीवर लावलेला नव्हता. अशा वेळी त्याला ती संख्या न वाटता शब्द वाटू शकतो. बेरीज करताना तो शब्द सोडून देतो आणि १५०० दाखवतो. कोणतीही तक्रार करत नाही. १००० रुपये कागदावर दिसतात, पण बेरजेत नसतात.

हे ओळखण्याची खूण सोपी आहे. मुद्दाम काही बदल केला नसेल, तर तक्त्यात संख्या रकान्याच्या उजवीकडे चिकटते आणि शब्द डावीकडे. एखादी रक्कम डावीकडे गेली असेल, तर ती तपासा. चिन्ह हवे असेल, तर रकान्यात नुसती संख्या लिहा आणि मांडणीच्या यादीतून रुपया निवडा. मग चिन्ह फक्त दिसते, आत संख्या संख्याच राहते.

करून पाहा

शाळेच्या संगणकावर 'इंग्रजी (भारत)' हा कळफलक निवडा. उजवीकडची ऑल्ट कळ दाबून धरा आणि ४ दाबा. ₹ उमटेल. वर्ड या कार्यक्रमात दुसरी रीत आहे. दोन, शून्य, इंग्रजी बी, नऊ असे लिहा आणि लगेच ऑल्ट व एक्स या कळा एकदम दाबा. लिहिलेले चार वर्ण जाऊन त्यांच्या जागी रुपया येईल.

आता त्या चिन्हाला एकामागून एक निरनिराळे फॉन्ट लावा. कोठे ते जाड दिसेल, कोठे बारीक. एखाद्या फॉन्टात चित्र नसेल, तर संगणक दुसऱ्या फॉन्टातून ते उसने आणील आणि शेजारच्या आकड्यांशी ते जुळणार नाही. कदाचित चौकोनही दिसेल. मग त्याच चिन्हाच्या पुढे कर्सर ठेवून पुन्हा ऑल्ट आणि एक्स दाबा. रूप कोणतेही असो, दोन-शून्य-बी-नऊ हाच क्रमांक परत मिळेल.

येरमाळ्याच्या त्या मुलीचे चिन्ह कुठेच गेले नव्हते. ते आपल्या पत्त्यावरच होते. दुकानदाराच्या फॉन्टला तो पत्ता ठाऊक नव्हता, इतकेच. त्याने फॉन्ट बदलून फलक पुन्हा छापला, तर नारळ ₹ ३० ला मिळतो, हे सगळ्या यात्रेकरूंना वाचता येईल.