दूध साकळले की आणखी काही?

बाळ अंगावर पिणारे असताना आईच्या छातीत गाठ आली की घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा अंदाज ठरलेला असतो: दूध साकळले. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण गळू बरे होऊन पुन्हा त्याच जागी आले, चीर दिलेली जखम महिनोन्महिने वाहत राहिली, काखेत गाठी लागू लागल्या, तर स्तनाच्या टीबीचाही विचार व्हायला हवा.

टीबी म्हणजे खोकला, अशी आपली समजूत. या आजारात खोकला बहुधा नसतो, छातीचा एक्स-रेही अनेकदा साफ येतो. इंग्लंडचे शल्यचिकित्सक सर अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२९ मध्ये त्याची पहिली नोंद केली. आजार दुर्मीळ, पण आपल्याकडे टीबीच फार, म्हणून इथे तो अधिक आढळतो. तोही बहुधा २० ते ४० वयाच्या स्त्रियांत.

या वयात पहिली तपासणी सोनोग्राफी. तिचा पाजणाऱ्या आईला धोका नाही. गाठ भरीव आहे की पुवाने भरलेली, पुवाची वाट कातडीपर्यंत गेली आहे का, हे तीत दिसते. (संकोच वाटत असेल तर वेळ घेतानाच लेडी डॉक्टर मागावी; त्यासाठी तपासणी टाळू नये.) तरुण स्तन दाट असतो, मॅमोग्राफीत गाठ त्यात लपते. आजार बरगडीपर्यंत पोचल्याची शंका असेल तर सीटी स्कॅन.

मात्र टीबी आणि कॅन्सर यांची चित्रे इतकी सारखी दिसू शकतात की कोणतेच यंत्र खात्री देत नाही. रिपोर्टमधला ‘संशयास्पद’ शब्द वाचून घरात रडारड होते, ती घाईची. निकाल सुईचा. सोनोग्राफीत पाहत गाठीतला बारीक तुकडा काढतात. सुईने कॅन्सर पसरतो, ही भीती बाळगून बायोप्सी लांबवू नये.

इथेच एक चूक होते. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो आणि मग त्यावर टीबीचे कल्चर करता येत नाही. म्हणून थोडा भाग आणि पू सीबीनॅट व कल्चरसाठी वेगळा पाठवणार का, हे आधीच विचारावे. गाठीत जंतू थोडेच असतात. एक तपासणी निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच, असे होत नाही.

औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, साधारण सहा महिने. गाठ आधी विरली तरी गोळ्या पूर्ण कराव्या लागतात. पाजणे बहुतेक वेळा चालू ठेवता येते. कोणत्या बाजूने, ते डॉक्टर सांगतात.