आयईपीची बदली

न्यू जर्सीच्या नकाशात मेटचन हे छोटं गाव शोधायचं, तर आधी एडिसन शोधावं लागतं. चारही बाजूंनी एडिसन आणि मधोमध मेटचन. देशी दुकानं आणि देशी भाडेकरू यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या भागात घर बदलताना एखादा रस्ता ओलांडला, तरी शाळा चालवणारा स्कूल डिस्ट्रिक्ट बदलू शकतो. थोरल्या मुलीच्या दृष्टीनं त्याचा अर्थ नवी बस आणि नव्या मैत्रिणी. धाकट्याला ऑटिझम असेल, तर स्पीच थेरपी किती मिनिटं, वर्गात मदतनीस मिळणार की नाही, हे सगळं पुन्हा बोलणीवर येतं. न्यू जर्सीत असे सुमारे ६०० डिस्ट्रिक्ट आहेत. अख्ख्या हवाई राज्यात एकच.

अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्याला २९ नोव्हेंबर २०२५ रोजी पन्नास वर्षं झाली. १९७५ मध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यावर सही केली होती. या सुवर्णमहोत्सवाच्या जेमतेम दीड महिना आधी, सरकारी कामकाज ठप्प असताना, या कायद्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय कार्यालयातल्या बहुतेकांच्या हाती नोकरकपातीच्या नोटिसा पडल्या. न्यायालयानं त्या थोपवल्या, नोव्हेंबरात त्या मागेही घेतल्या गेल्या. ‘राज्यं आपलं आपण बघतील’ हा त्यामागचा युक्तिवाद मात्र मागे गेलेला नाही. तो कितपत टिकतो हे तपासायचं, तर राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मुलाकडे बघावं.

अशा मुलाचा सगळा भार एका शब्दावर आहे: ‘कम्पॅरेबल’. आयईपी म्हणजे त्या मुलापुरता आखलेला शिक्षणाचा लेखी आराखडा. कायद्याच्या २००४ च्या दुरुस्तीनुसार, शालेय वर्षाच्या मध्ये मूल आलं तर नव्या डिस्ट्रिक्टनं पालकांशी बोलून त्याला आधीच्या आयईपीच्या तोडीच्या, म्हणजे ‘कम्पॅरेबल’, सेवा द्यायच्या. राज्य तेच असेल तर जुना आयईपी स्वीकारेपर्यंत किंवा नवा करेपर्यंत, राज्य बदललं असेल तर गरजेप्रमाणे नव्यानं तपासणी करून नवा आयईपी होईपर्यंत. पण ‘तोडीच्या’ म्हणजे काय? २००६ मध्ये नियम करताना केंद्रीय शिक्षण खात्यानं व्याख्या करायचं टाळलं. शब्दाचा साधा अर्थ घ्या, म्हणजे ‘सारख्या’ किंवा ‘समतुल्य’, एवढं सांगून खातं मोकळं झालं.

झालं! आधीच्या शाळेत आठवड्यातून तीनदा एकट्याला मिळणारी अर्ध्या तासाची थेरपी नव्या शाळेत चार मुलांच्या गटात मिळाली, तर ती समतुल्य का? घड्याळ लावलं तर मिनिटं तेवढीच भरतात.

किती दिवस? कॅलिफोर्निया राज्यातल्या राज्यात होणाऱ्या बदलीत या तात्पुरत्या व्यवस्थेला कमाल ३० दिवस देतो. केंद्रीय नियमात आकडाच नाही. जुन्या शाळेनं कागदपत्रं ‘तत्परतेनं’ पाठवावीत, एवढंच तिथे म्हटलं आहे. त्यासाठी पालकांची वेगळी संमतीसुद्धा लागत नाही, तरी फाइल अडकते. नावंही बदलतात: न्यू जर्सीतली तपासणी करणारी ‘चाइल्ड स्टडी टीम’ टेक्ससमध्ये शोधून सापडत नाही, तिथे आयईपी ठरवणाऱ्या ‘एआरडी’ समितीसमोर बसायचं. विकासात मागे असलेल्या लहान मुलांसाठी ‘डेव्हलपमेंटल डिले’ हा वर्ग आहे. तो तीन ते नऊ वर्षांच्या मर्यादेत कोणत्या वयापर्यंत लावायचा, हे राज्य ठरवतं. म्हणजे सात वर्षांचं मूल इकडे पात्र आणि तिकडे, दुसरं निदान पुढे केल्याशिवाय, अपात्र ठरू शकतं. वॉशिंग्टन डीसीहून पेनसिल्व्हेनियातल्या रॅडनर टाउनशिपला आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी जुन्या आयईपीप्रमाणे खासगी शाळाच चालू ठेवा, असा आग्रह धरला होता. २००० मध्ये अपील न्यायालयानं तो फेटाळला. दुसऱ्या राज्याचा आयईपी नव्या राज्याला आपोआप बांधत नाही, असा त्याचा मथितार्थ.

कागद उशिरा का होईना, पोचतो. आवाज पोचतोच असं नाही. न बोलणारी काही मुलं चित्रावर बोट ठेवलं की बोलणारं उपकरण वापरतात. ते शाळेनं घेतलेलं असेल, तर मालकी डिस्ट्रिक्टची, आणि गाव सोडताना बहुधा ते तिथेच ठेवावं लागतं. नवा डिस्ट्रिक्ट नवा टॅब देईलही. पण ‘आजी’, ‘वरणभात’, ‘कान दुखतोय’ ही चित्रं दोन वर्षं खपून कुणीतरी त्या जुन्या यंत्रात बसवलेली असतात. ॲप तेच असेल तर शब्दसंग्रहाची प्रत काढून नेता येते. हे निघायच्या आधी सांगणारं कुणी भेटलं, तर नशीब. टॅबला टॅब दिला की कागदावर सेवा समतुल्य झाली!

एच-वन-बी व्हिसावरच्या मराठी कुटुंबांना आणखी एक भीती असते: शाळेशी वाद घातला तर व्हिसाला धक्का लागेल का? व्हिसाचा या हक्काशी संबंध नाही. सरकारी शाळेचं दार वास्तव्याच्या कागदांवरून बंद करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच सांगितलं आहे. आयईपीच्या बैठकीत आईला इंग्रजी अवघड जात असेल, तर दुभाषा देणं ही शाळेची जबाबदारी. थेट पुण्याहून येणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे आयईपीच नसतो, म्हणून ‘तोडीचं’ असं काही मागता येत नाही. पहिल्या तपासणीपासून सुरुवात. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात असते, जन्मतारीख असते, ‘प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली’ असतं. मूल कसं शिकतं, याबद्दल एक ओळ नसते.

बरीच बिऱ्हाडं हलतात उन्हाळ्याच्या सुट्टीत. ‘तोडीच्या सेवां’चा नियम एकाच शालेय वर्षातल्या बदलीसाठी आहे. सुट्टीत आलेल्या मुलासाठी वेगळं कलम लागू होतं: शाळा उघडेल त्या दिवशी आयईपी तयार हवा. तपासणी करणारे बरेच कर्मचारी मात्र दहा महिन्यांच्या करारावर असतात. म्हणून जाणते पालक सामान बांधण्याआधी आयईपी, शेवटचा तपासणी अहवाल आणि थेरपिस्टच्या नोंदी यांच्या प्रती मागून घेतात आणि नव्या डिस्ट्रिक्टला तारीख घालून ईमेल करतात. त्या प्रतींचा जाड बाइंडर ट्रकमध्ये जात नाही. विमानात पासपोर्टांबरोबर हातातल्या पिशवीत असतो.