सांडलेल्या तेलाचा धनी कोण?

शेजाऱ्याचें गुरूं आपल्या शेतांत शिरून पीक खाऊन गेलें, तर भरपाई कोणाकडे मागावी हें कोणास विचारावें लागत नाहीं. परंतु भर समुद्रांत तेलाचें जहाज फुटलें आणि तें तेल परक्या किनाऱ्याला लागलें, तर दाद मागावयाची कोणाकडे आणि किती? जुना कायदा येथें किती अपुरा होता, हें १९६७ सालीं जगाच्या ध्यानांत आलें.

त्या वर्षीं १८ मार्चला ‘टॉरी कॅनियन’ हें जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, कॉर्नवॉल व सिली बेटें यांच्या दरम्यान खडकावर चढलें. पोटांत सुमारें १,१९,००० टन कच्चें तेल होतें. निशाण लायबेरियाचें, खलाशी इटालियन, भाड्यानें घेणारी कंपनी अमेरिकन. काळे झाले मात्र ब्रिटन व फ्रान्स यांचे किनारे! अपघातानंतर जहाजाचें जें शिल्लक राहील त्याच्या किंमतीपुरतीच मालकाची जबाबदारी, असा अमेरिकेचा १८५१ चा कायदा होता. शिल्लक राहिली होती एक होडी. तिची किंमत ५० डॉलर! ब्रिटिश सरकारनें त्याच मालकांचें दुसरें जहाज सिंगापूरला अडकवून ठेवलें. पुढें १९६९ मध्यें ३० लक्ष पौंडांवर तडजोड झाली.

त्याच वर्षीं ब्रुसेल्स येथें राष्ट्राराष्ट्रांचा करार झाला. त्याचें तत्त्व असें : तेलवाहू जहाजाच्या मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाहीं, तेल सांडलें एवढें पुरे. युद्ध किंवा असाधारण नैसर्गिक उत्पात यांसारखे मोजके अपवाद तेवढे त्याला सोडवितात. उलटपक्षीं, त्याच्या देण्याला सामान्यतः कमाल मर्यादा घातली, आणि मोठ्या जहाजांना विमा सक्तीचा केला. मालकाकडून न भरून येणाऱ्या नुकसानीसाठीं १९७१ च्या करारानें एक निधि उभारला. त्याची वर्गणी समुद्रमार्गें तेल मागविणारे भरीत असत. १९९२ च्या सुधारलेल्या करारांत भारतही सामील आहे.

एवढ्यानें न्याय पुरा झाला काय? कोळ्याचें जाळें, उपाहारगृहाचा बुडालेला हंगाम, किनारा साफ करण्याचा खर्च, यांचीं बिलें करतां येतात. मेलेल्या शिंपल्यांचें बिल कोणीं सादर करावें? १९७९ सालीं बाल्टिक समुद्रांत ‘अँटोनियो ग्राम्शी’ या जहाजांतून तेल सांडलें, तेव्हां सोव्हिएट सरकारनें दूषित पाण्याचा हिशेब गणिती सूत्रानें मांडून भरपाई मागितली. १९८० मध्यें निधीच्या सभेनें ठरविलें, कीं असलें अमूर्त गणित चालणार नाहीं. १९९२ च्या करारानें पर्यावरणाच्या हानीबद्दल, बुडालेला नफा सोडल्यास, तें पूर्ववत् करण्याच्या वाजवी उपायांचा खर्च तेवढा मान्य केला.

यांत व्यवहार आहे. काल्पनिक आंकड्यांनीं मर्यादित निधि आटला, तर कोळ्याच्या पदरांत काय पडणार? तथापि परिणाम असा, कीं जें दुरुस्त करतां येतें त्याचीच किंमत ठरते. जें कायमचें गेलें त्याची कांहींच नाहीं. कोणीं द्यावयाचें, हें कायद्यानें निश्चित केलें आहे. समुद्राच्या वतीनें मागावयाचें किती, हें ठरावयाचें आहे.