उन्हाळा, मांडव आणि आपत्तीचा कायदा

वैशाखात आपल्या बोदवड परिसरात ऊन आणि लग्नसराई एकदमच येतात. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि वऱ्हाडी मंडळी भर दुपारी मांडवात वाढप्यांची वाट पाहत बसलेली असतात.

एकाला उष्माघात झाला तर तो आजार. एकाच मांडवातले वीस जण पडले तर ती आपत्ती. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदाही साधारण असेच म्हणतो: तिथल्या लोकांच्या आवाक्याबाहेर गेलेले मोठे संकट म्हणजे आपत्ती, मग ते निसर्गाने आणलेले असो की माणसाच्या हलगर्जीपणाने. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानात झाला आणि उष्माघाताने १४ जण दगावले. तेथे पारा आपल्या मे महिन्याइतका चढलाही नव्हता. दमट हवेत घाम वाळत नाही, एवढेच पुरले.

या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, आणि जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्यावर सदस्य असतात. शिवाय कलम ३२ प्रमाणे स्थानिक संस्थांनीही आपापला आराखडा करायचा असतो. तेव्हा आपल्या नगरपंचायतीत जाऊन तो आराखडा अवश्य मागावा. त्यात उन्हाचे पान आहे का? बर्फ कोठून आणायचा, गार खोली कोणती, पाण्याचा टँकर कोण पाठवणार? आपल्याकडे आठ-आठ दिवस नळाला पाणी नसते, म्हणून हा शेवटचा प्रश्न आधी विचारावा. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय जुनी आहे.

मांडवात कोणी पडलाच, तर अंग १०४ फॅरेनहाइटपर्यंत तापले आहे, माणूस बरळतो आहे किंवा झटके येत आहेत, म्हणजे उष्माघात समजावा. घाम असला तरीही. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा, काखेत व जांघेत बर्फ ठेवावा. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही. कांद्याचा रस चोळण्यातही वेळ घालवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये, ते फुफ्फुसात जाते. १०८ ला फोन आधी करावा, पण गाडीची वाट पाहत बसू नये. पाणी ओतणे गाडी दारात येईपर्यंत चालूच ठेवावे.