विश्लेषण : मोबाइलवरचा पावसाचा अंदाज येतो कुठून? आणि त्यातून पैसा कोण कमावतो?

सकाळी साडेसातची वेळ. डोंबिवलीहून लोकल पकडायची आहे. एक अ‍ॅप सांगते, पावसाची शक्यता ८० टक्के. दुसऱ्यात ढगाआडून सूर्य डोकावतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर ठाणे जिल्ह्याला ‘ऑरेंज अलर्ट’ असल्याचा मेसेज फिरतोय. खिडकीबाहेर मात्र ऊन. मग खोटे कोण बोलतेय? खरे तर कुणीच नाही. या तिन्ही अंदाजांमागची माहिती वेगळी आहे आणि त्यांचा हिशेबही वेगळा आहे.

अ‍ॅपमधला अंदाज तयार कोण करते?

बहुतेक अ‍ॅप स्वतः पाऊस मोजत नाहीत. उपग्रह, विमाने, जहाजे, हवेत सोडलेले फुगे आणि जमिनीवरची केंद्रे यांची माहिती महासंगणकात जाते. तिथे पृथ्वीचे चौकटींमध्ये तुकडे पाडून प्रत्येक चौकटीतल्या हवेचे गणित मांडले जाते. यालाच ‘मॉडेल’ म्हणतात. अमेरिकेचे ‘जीएफएस’ मॉडेल जगभर कुणालाही मोफत मिळते. त्याची चौकट सुमारे १३ किलोमीटरची आहे. पुण्याच्या ‘आयआयटीएम’ या संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिची चौकट ६ किलोमीटरची आहे.

आता हे आपल्या रेल्वेमार्गावर ठेवून पाहा. ठाणे ते कल्याण अंतर २० किलोमीटर, डोंबिवली ते कल्याण ६ किलोमीटर. म्हणजे १३ किलोमीटरच्या मॉडेलमध्ये ठाणे ते कल्याण हा सगळा पट्टा जेमतेम दोन चौकटींत मावतो. अ‍ॅपवर ‘डोंबिवली पूर्व’ असे नाव दिसले, तरी तो अंदाज तुमच्या गल्लीचा नसतो. चौकटीतला आकडा गणिताने जुळवून तिथे दाखवलेला असतो.

८० टक्क्यांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. अशी स्थिती असलेल्या दहा दिवसांपैकी आठ दिवस पाऊस पडतो, दोन दिवस पडत नाही. आजचा दिवस त्या दोनांपैकी असू शकतो.

अंदाज मोफत, मग महाग काय?

मोजमाप. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यात झाला सुमारे ७४ मिलिमीटर. एकाच शहरात इतका फरक. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. हे रडार ढगांतल्या थेंबांवर लहरी सोडते आणि परत आलेल्या लहरींवरून ढग किती भरलेला आहे, कुठे सरकतोय, हे सांगते. पुढे कुलाब्यात असे रडार बसले आणि जानेवारी २०२२ मध्ये वेरावलीचे दुसरे रडार सुरू झाले. पुढच्या तीन तासांचा इशारा अशा रडारमुळेच देता येतो.

पण ढगात किती पाणी आहे, हे रडार सांगते. जमिनीवर नेमके किती पडले, ते पर्जन्यमापकच सांगतो. खासगी कंपन्यांचा मोठा व्यवसाय इथेच सुरू होतो.

कंपन्या नेमके काय विकतात?

‘स्कायमेट’ ही भारतातली पहिली खासगी हवामान कंपनी २००३ मध्ये सुरू झाली. दरवर्षी तिच्या मान्सूनच्या अंदाजाची बातमी होते, पण अशा कंपन्यांचे ग्राहक वेगळेच असतात. सौर आणि पवनऊर्जा प्रकल्पांना दर १५ मिनिटांत किती वीज देणार, हे आधी कळवावे लागते. आकडा फार चुकला तर दंड बसतो, म्हणून ते ढगांचा आणि वाऱ्याचा अंदाज विकत घेतात. विमा कंपन्यांना कुठे किती पाऊस पडला, याचा भरवशाचा आकडा हवा असतो. वृत्तवाहिन्या आणि अ‍ॅपही ग्राहक आहेत. आपल्यासारख्या वाचकाला अंदाज फुकट मिळतो, कारण त्याची किंमत जाहिरातदार मोजतो.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये ‘महावेध’ प्रकल्पातून हे काम गावांपर्यंत नेले. सार्वजनिक-खासगी भागीदारीत स्कायमेटमार्फत २,०६५ महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्याचा हा प्रकल्प. साधारण १२ बाय १२ किलोमीटर परिसराला एक केंद्र.

शेतकऱ्यासाठी हा आकडा फार मोलाचा आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी धरली जाते. मुरबाड किंवा शहापूरमध्ये डोंगराच्या कुशीतले भातशेत वाहून गेले आणि काही किलोमीटरवरच्या केंद्रात ६० मिलिमीटरच नोंदले गेले, तर नुकसान खरे असूनही नोंद अपुरी पडते. केंद्र कुठे आहे, ते चालू आहे का, पन्हाळीत पालापाचोळा अडकलाय का, या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर मदत अवलंबून असते. म्हणूनच २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘विंड्स’ योजना आणली. तिच्यात ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवायचे आहेत.

शहरांतही ही स्पर्धा पोहोचली आहे. घरपोच जेवण पुरवणाऱ्या ‘झोमॅटो’ने मे २०२४ मध्ये ४५ शहरांत ६५०हून अधिक हवामान केंद्रांचे स्वतःचे जाळे जाहीर केले. कोणत्या भागात पाऊस सुरू झालाय, हे कळले की डिलिव्हरीला किती वेळ लागेल, याचा हिशेब मांडता येतो.

मग कल्याण-डोंबिवलीकरांनी काय पाहावे?

सर्वात आधी, फक्त आपल्या डोक्यावरचा पाऊस पाहू नका. उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली होती. कर्जत परिसरात रात्रभर जोर असेल, तर डोंबिवलीत ऊन असतानाही लोकलचे आणि नदीकाठच्या वस्त्यांचे गणित बिघडू शकते.

दुसरे, अलर्टचा रंग संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो. ठाणे जिल्हा भाईंदरच्या खाडीपासून माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत पसरला आहे. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा.

तिसरे, उद्याचे नियोजन करायचे असेल तर हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा पाहा. घरातून निघताना मात्र रडारचे चित्र आणि पुढच्या तीन तासांचा इशारा पाहा. दहा दिवसांनंतरच्या तारखेपुढे अ‍ॅपने नेमका तास लिहिला असेल, तर त्यावर हळदीचा मांडव ठरवू नका.

आणि छत्री? जून ते सप्टेंबर ती बॅगेत असलेलीच बरी.