"डिजिटल वेळेवर स्वीकारलं नाही": माझ्या सिनॉप्सिसमधलं चुकलेलं वाक्य

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: "छायाचित्र व्यवसायातील जुन्या घटकांनी डिजिटल तंत्रज्ञान वेळेवर न स्वीकारल्यामुळे त्यांचा ऱ्हास झाला." मला ते फार आवडलं होतं. आरआरसीसमोर ठणकावून सांगता येईल असं वाक्य. गाईडनी पेन्सिलने त्याच्याखाली रेघ मारली आणि विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून मी बर्डीच्या मागच्या एका गल्लीतल्या जुन्या स्टुडिओत गेलो. काकांना ते वाक्य वाचून दाखवलं. ते उठले, कपाट उघडलं आणि कापडात गुंडाळलेला एक जाडजूड डिजिटल कॅमेरा टेबलावर ठेवला. "बेटा, या लाइनीत सगळ्यांच्या आधी मीच घेतला होता. पोरीच्या शिक्षणाचे पैसे घातले याच्यात. लोकं पाहायला यायचे. आता तू लिहून राहिला की आम्ही घेतलाच नाही?"

मला घाम फुटला, आणि तो काही उन्हाचा नव्हता.

मग काकांनी हिशेब सांगितला. लग्नाचे फोटो काढण्याचे पैसे मिळायचेच, पण दुकान चालायचं ते पुढच्या कामावर. रोल विकायचा. तोच रोल धुवायला परत यायचा. छत्तीसपैकी चारच फोटो धड आलेले असले तरी गिऱ्हाईक बहुतेक सगळ्यांच्या प्रिंट काढायचं. नातेवाइकांसाठी पुन्हा प्रती, मग एन्लार्जमेंट, मग अल्बम. वापरून झालेलं हायपोसुद्धा वाया जात नसे, कारण त्यात फिल्मवरची चांदी उतरलेली असते. ती काढणारे लोक येऊन ते विकत न्यायचे. (नागपूरच्या मे महिन्यात रोल फ्रिजमध्ये भाजीशेजारी ठेवावे लागत, हा काकूंचा वेगळा वैताग.) डिजिटल आल्यावर फोटो कमी झाले नाहीत, उलट वाढले. पण रोल, धुलाई आणि बहुतेक प्रिंट गेल्या. कॅमेरा बदलून ही साखळी परत येणार नव्हती.

हेच एका फार मोठ्या कंपनीबद्दल एका पेपरमध्ये आहे, आणि तुम्ही व्यवस्थापन, अर्थशास्त्र किंवा तंत्रज्ञानाचा इतिहास यांपैकी कशातही पीएचडी करणार असाल तर तो वाचाच. मेरी ट्रिप्सास आणि जोव्हानी गावेत्ती यांचा, 2000 साली स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट जर्नलमध्ये आलेला. विषय पोलरॉइड. त्या कंपनीने डिजिटलकडे दुर्लक्ष केलं असं आपण समजतो. पेपर सांगतो की 1989 पर्यंत तिच्या संशोधन खर्चातला 42 टक्के भाग डिजिटल इमेजिंगवर जात होता, आणि 1992 मध्ये चालू स्थितीतला चांगला डिजिटल कॅमेरा तयारही होता. बाजारात यायला मात्र 1996 उजाडलं. का? कारण वरिष्ठांचा ठाम समज होता की पैसा कॅमेऱ्यात नसतो, फिल्ममध्ये असतो. रेझर स्वस्तात द्यायचं आणि ब्लेडवर कमवायचं. आज प्रिंटर आणि त्याच्या शाईचं जसं असतं तसं. ब्लेडच नसलेलं रेझर विकायचं कसं, हे त्यांना पटेना. लेखक इथे दोन गोष्टी वेगळ्या करतात: कंपनीला काय करता येत होतं आणि कंपनीला काय खरं वाटत होतं. पेपर छापून आल्यावर वर्षभरात, ऑक्टोबर 2001 मध्ये, पोलरॉइडने दिवाळखोरी जाहीर केली.

कोडॅकची गोष्ट तर आणखी घासून गुळगुळीत झालेली आहे. स्टीव्हन सॅसन यांनी तिथे 1975 मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला: 0.01 मेगापिक्सेल, एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. "आणि कोडॅकने तो दाबून ठेवला" असं प्रत्येक प्रेरणादायी भाषणात ऐकू येतं. पण 2005 मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेरा विक्रीत कोडॅकच पहिली होती, हे त्या भाषणात नसतं. तरीही जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला. तिथे डिजिटल विभाग सांभाळलेले विली शी यांनी नंतर दिलेलं कारण मला जास्त पटतं. रंगीत फिल्म बनवणं महाकठीण, अंधारात अतिशय पातळ थरांवर थर चढवायचे. जगात मोजक्याच कंपन्यांना ते जमायचं, म्हणून नफा भरपूर. डिजिटल कॅमेरा मात्र सेन्सर, चिप, लेन्स असे सुटे भाग विकत घेऊन कुणालाही जोडता येतो. ज्या कामात कोडॅक तरबेज होती, त्याची तिथे गरजच नव्हती.

आता एक फसवं उदाहरण, कारण मी यातही जवळजवळ पडलोच होतो. आपल्याकडे उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता. 'इंदू' नावाची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म आणि दवाखान्यांसाठी एक्स-रे फिल्म तिथे बनायची. मी त्याला सरळ "डिजिटलचे बळी" या रकान्यात टाकलं. मग साल पाहिलं. तो कारखाना 1990 च्या दशकाच्या मध्यावरच आजारी उद्योग ठरला होता. तेव्हा आपल्याकडे किती लोकांच्या हातात डिजिटल कॅमेरा होता? तिथे आयात खुली होणं, नव्या प्लांटसाठीचं कर्ज अशी कारणं आधी तपासावी लागतात. परिणाम कारणाच्या आधी घडलेला दिसला, तर कारण बदला, तारीख नाही.

ते वाक्य मी खोडलं. त्याजागी सध्या प्रश्न आहे: डिजिटलनंतर नागपुरातल्या स्टुडिओंच्या उत्पन्नाची कुठली कडी आधी तुटली? उत्तर माझ्याकडे अजून नाही. एका काकांवरून ते देताही येणार नाही.

प्रश्नावलीही बदलली. आधी पहिलाच प्रश्न होता, "तुम्ही डिजिटल कॅमेरा कधी घेतला?" आता तो सहावा आहे. पहिला आहे, "रोलच्या काळात महिन्याची कमाई कशाकशातून यायची?" काकांना तो विचारला, तर त्यांनी आधी चहा सांगितला आणि मग 1994 ची वही काढली.